दुधातली साखर आणि आत्याचा एक घोट

कोजागिरीला आमच्या लोकमान्यनगरातल्या गच्चीवर दहा लिटर दूध तापतं. पितळी पातेलं, खाली गॅसची मोठी शेगडी, आणि उलथनं हातात धरून उभे असलेले आमचे काका. दूध खाली लागू द्यायचं नाही, हा त्यांचा वर्षातला एकमेव स्वयंपाक. दहाचं सात लिटर होईपर्यंत आटवायचं, मग केशर, वेलदोडा, चारोळी, साखर. चंद्र पातेल्यात दिसला की पेले भरायचे. काका स्वतः तीन पेले पितात आणि वर मुलांच्या पेल्यांतला तळाचा सुकामेवाही सोडत नाहीत. रात्री बारा वाजता घोरायला लागतात, सकाळी सहाला ठणठणीत.

त्यांची सख्खी बहीण, आमची आत्या, पेला ओठाला लावते, एक घोट घेते आणि शेजारी बसलेल्या पोराकडे सरकवते. नैवेद्यापुरतं. एखाद्या वर्षी कुणी फार आग्रह केला आणि तिने पेला संपवला, तर तास-दीड तासात तिच्या पोटात गुडगुड सुरू होते, पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि पुढची रात्र उठबस करण्यात जाते. गेली पन्नास वर्षं घरात याचं एकच निदान आहे: आत्याचं पोट नाजूक.

मी इंदूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हे निदान मला कधी पटलं नाही. एकाच आईबापाची दोन मुलं, एकाच म्हशीच्या दुधावर वाढलेली. एकाला दूध मानवतं, दुसरीला बाधतं. आणि खरं सांगायचं तर यात चमत्कारिक आहेत ते काका. आत्या अगदी नेहमीसारखी माणूस आहे. हे घरात बोलून दाखवलं तेव्हा काकांना ते फारसं रुचलं नाही.

गोष्ट सुरू होते दुधातल्या साखरेपासून. आपण वरून घालतो ती नव्हे. ‘दुधात साखर’ म्हणतो ना, ती दुधात आधीपासूनच असते. तिचं नाव लॅक्टोज. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला साडेचार ते पाच ग्रॅम, म्हशीच्या दुधात साधारण तितकीच, आणि आईच्या दुधात सर्वांत जास्त, सात ग्रॅमच्या आसपास. निसर्गात लॅक्टोज जवळजवळ फक्त दुधातच सापडतं. फळांत नाही, धान्यात नाही, मधात नाही.

हे लॅक्टोज म्हणजे दोन छोट्या साखरा एकमेकींना चिकटलेल्या: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. आपल्या आतड्याला सुट्या साखरा रक्तात घेता येतात, जोडी घेता येत नाही. अख्खी सुपारी तोंडात टाकून काय उपयोग, आधी अडकित्ता लागतो. लॅक्टोजची जोडी फोडणारा अडकित्ता म्हणजे लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. ते लहान आतड्याच्या आतल्या बाजूला, टॉवेलच्या झुपक्यांसारख्या बारीक उंचवट्यांवर बसलेलं असतं. दूध तिथून वाहत जातं, अडकित्ते खटाखट चालतात, साखर फुटते, रक्तात जाते. काकांच्या पोटात तीन पेल्यांचं हेच होतं.

अडकित्ते पुरेसे नसतील तर? साखर अख्खी पुढे सरकते. एक तर ती आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं तसं. त्यामुळे आतड्यात द्रव वाढतो आणि पातळ होतं. दुसरं म्हणजे ती मोठ्या आतड्यात पोचते, जिथे अब्जावधी जिवाणू बसलेले असतात. त्यांना ही आयती मेजवानी. ते साखर आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू तयार होतात. पोट फुगणं, कळ येणं, गुडगुडणं हे सगळं त्याचंच. पेला रिकामा झाल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत कधीही. त्रास होतो, पण आतड्याला इजा होत नाही. हा विषबाधेसारखा प्रकार नाही, आणि हा आजार म्हणावा की नाही यावरही माझा वाद आहे.

कारण सस्तन प्राण्यांचा नियमच हा आहे. वासरू, पिल्लू, बछडा, सगळे जन्मतात तेव्हा लॅक्टेज भरपूर असतं. दूध तुटलं की शरीर ते बनवणं कमी करत जातं. मोठ्या बैलाला दुधाची साखर फोडायचं काम कुठे असतं? माणसातही तेच. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान उतार लागतो, काहींचा उतार शाळेची वर्षं संपेपर्यंत चालतो, आणि शेवटी तान्हेपणीच्या मानाने दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी लॅक्टेज उरतं. आत्या सांगते की लहानपणी ती दूध प्यायची, पुढे बंद पडलं. घरच्यांना ते नखरे वाटले होते. जगातल्या मोठ्या माणसांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांचं असंच होतं.

वर्गात मी मुलांना पाळण्याचं उदाहरण देते. घरात मूल असतं तोवर पाळणा हॉलमध्ये टांगलेला असतो. मूल मोठं झालं की कड्या-साखळ्या सोडवून तो माळ्यावर जातो. फेकत कुणी नाही, मोडलेलाही नसतो. फक्त वापरात नसतो. लॅक्टेजचं जनुक तसंच आहे. ते आत्याच्या पेशींत शाबूत आहे, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर जिथे असायला हवं तिथेच. शरीराने ते माळ्यावर टाकलंय, इतकंच. काकांच्या घरात पाळणा उतरवायचाच राहून गेला.

राहून का गेला, याचा धागा सापडला २००२ साली, फिनलंडमध्ये. तिथल्या संशोधकांनी दूध पचणाऱ्या आणि न पचणाऱ्या कुटुंबांची जनुकं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. गंमत अशी की लॅक्टेजच्या जनुकात दोघांचा फरक नव्हताच. फरक होता त्याच्या अलीकडे, जवळजवळ चौदा हजार अक्षरं (म्हणजे डीएनएचा मजकूर ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो ती) आधी, नेमकं सांगायचं तर १३,९१० अक्षरं आधी, आणि तेही भलत्याच एका शेजारच्या जनुकाच्या पोटात. तिथे ‘सी’ हे अक्षर असायचं, त्या जागी ‘टी’ आलं होतं. एक अक्षर. हा भाग म्हणजे दिव्याचं बटण. दिवा एका खोलीत, बटण शेजाऱ्याच्या भिंतीवर. ‘टी’ असेल तर जनुक चालू ठेवणारं एक प्रथिन तिथे घट्ट बसतं आणि बटण वयाबरोबर बंद होत नाही.

आपल्याला प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ‘टी’ची एक प्रत असली तरी दूध पचवायला सहसा पुरते. आता आजी आणि आजोबा दोघांकडे एक ‘टी’ आणि एक ‘सी’ असं असेल, तर दोघांनाही दूध पचेल, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून ‘सी’च मिळण्याची शक्यता चारात एक. असाच काही हिशेब असेल तर काकांना पातेलं आणि आत्याला घोट. एका ताटात जेवलेल्या भावंडांचं पोट एकसारखं असलंच पाहिजे, हा आग्रह सोडावा लागतो. आडनावावरून किंवा जातीवरून कुणाच्या पोटाचा अंदाज बांधणं तर त्याहून वेडेपणाचं.

बरं, हे बदललेलं अक्षर एकदाच बदललं का? नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत सुंदर वाटतं. २००७ साली केनिया, टांझानिया, सुदानमधल्या पशुपालकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यातही दूध पचवणारे भरपूर निघाले, पण त्यांच्याकडे युरोपातलं ‘टी’ नव्हतं. त्याच बटणाच्या आसपासची वेगळीच अक्षरं बदललेली होती. म्हणजे गुरं पाळणाऱ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांत हाच उपाय स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उगवला. उत्क्रांती कशी चालते हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी डायनासोर दाखवत नाही, दुधाचा पेला दाखवते.

भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंचं जीवशास्त्र अभ्यासणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर देशभरातल्या २,००० हून जास्त लोकांचे नमुने तपासले. भारतात जे अक्षर सापडलं ते युरोपातलंच ‘टी’, आणि त्याच्या आजूबाजूचा मजकूरही तोच. म्हणजे हे अक्षर इथे आणि तिथे वेगवेगळं उगवलेलं नाही, मूळ एकच आहे. वायव्येकडे, पंजाब-हरियाणा-राजस्थानच्या बाजूला त्याचं प्रमाण जास्त, आणि आग्नेयेकडे जावं तसं ते उतरत जातं. देशभराचा विचार केला तर साधारण पाचातल्या एकाकडे ते असतं. मधूनच अपवाद: निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा. राहतात दक्षिणेत, पण त्यांच्यात हे अक्षर भरपूर. भूगोलापेक्षा कुणाच्या दारात गुरं बांधली होती, हे महत्त्वाचं दिसतं. आमचा माळवा या उताराच्या मधोमध. त्यातून इथल्या मराठी घरांतले पूर्वज कुणी होळकरांबरोबर देशावरून आलेले, कुणी मागाहून कोकणातून नोकरीला. तेव्हा आमच्या गच्चीवर पंचवीस माणसं जमली की सगळ्या तऱ्हेची पोटं एकत्र येणारच.

आता इथे एक कोडं आहे. दूध पचवण्याचा एवढा काय फायदा होता, की हे अक्षर काही हजार वर्षांत इतकं पसरलं? माणसाच्या जनुकांतल्या वेगवान बदलांची जी मोजकी ठळक उदाहरणं आहेत, त्यांत हे वरच्या रांगेत. जुनं उत्तर सोपं होतं: माणूस गुरं पाळायला लागला, दूध मिळायला लागलं, ज्यांना पचलं ते धष्टपुष्ट झाले, त्यांची मुलं जास्त जगली. पाठ्यपुस्तकात मीसुद्धा हेच शिकवत आले.

२०२२ साली ब्रिस्टल आणि लंडनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी अनेकांच्या साथीने हे उत्तर तपासायला घेतलं. युरोपभरच्या उत्खननांतल्या हजारो खापरांत मुरलेली चरबी त्यांनी ओळखून काढली. दुधाची चरबी खापरात हजारो वर्षं टिकते. मांसाची कुठली आणि दुधाची कुठली हे सांगता येतं. (आपल्याकडे कच्छमध्ये कोटडा भाडलीला सिंधू संस्कृतीच्या काळातली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची अशी खापरं सापडली आहेत.) मग जुन्या हाडांतल्या डीएनएशी त्यांनी ते ताडून पाहिलं. निघालं असं की युरोपात माणसं इ.स.पूर्व ७००० पासून दूध वापरत होती, पण पचवणारं अक्षर पहिल्यांदा दिसतं इ.स.पूर्व ४७०० च्या सुमारास, आणि सर्रास होतं ते इ.स.पूर्व १००० च्या आसपास. म्हणजे हजारो वर्षं लोक न पचणारं दूध खुशाल वापरत होते. आणि त्यात मरत वगैरे नव्हते.

मग अक्षर पसरलं कशामुळे? त्यांचं म्हणणं असं: दुष्काळ आणि साथी. पोट भरलेल्या धडधाकट माणसाला दुधाने जुलाब झाले तर तो चार वेळा परसाकडे जातो आणि विसरतो. पण उपासमारीने अर्धमेला झालेल्या माणसाला, ज्याच्याकडे धान्य संपलंय आणि गोठ्यातल्या गाईचं दूध एवढंच उरलंय, त्याला तेच जुलाब जिवावर बेततात. शरीरातलं पाणी गेलं की संपलं. अशा वर्षांत ज्याच्याकडे ‘टी’ तो वाचला. एरवी ज्या फरकाने काही बिघडत नाही, तोच फरक वाईट वर्षी माणसं निवडतो. मला हे उत्तर पटतं. शिवाय ते घरगुती अनुभवाशी जुळतं. आत्या एरवी सर्वांत काटक. कोजागिरीची रात्र सोडली तर तिला काही होत नाही.

आणि त्या हजारो वर्षांत लोक दूध वापरत होते ते कसं? पोलंडमध्ये भोकं पाडलेली, चाळणीसारखी मडकी सापडली, सात हजार वर्षांपूर्वीची, त्यांत दुधाची चरबी मुरलेली. म्हणजे दूध फाडून पाणी गाळायचं, घट्ट भाग खायचा. मंगोलियात आजही बहुतेकांच्या जनुकांत दूध पचवण्याची सोय नाही आणि तरी त्यांचं जेवण दूधदुभत्याशिवाय होत नाही. घोडीचं दूध ते आंबवून पितात. शरीरात अडकित्ता नसेल तर तो शरीराबाहेर ठेवायचा.

आपल्या स्वयंपाकघरात तो बाहेरचा अडकित्ता रोज रात्री लागतो. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की त्यातले जिवाणू लॅक्टोज खायला लागतात आणि त्याचं आम्ल बनवतात. सकाळपर्यंत साखरेचा बराचसा भाग, समजा पाव ते तिसरा हिस्सा, संपलेला असतो. एवढ्यावर थांबत नाही. दह्यातले जिवाणू स्वतःचं लॅक्टेज बाळगून असतात. दही खाल्लं की ते पोटातल्या आम्लातून तगून आतड्यात पोचतात, तिथे फुटतात आणि त्यांच्यातलं विकर उरलेली साखर फोडून देतं. आपल्याकडे नसलेला अडकित्ता पाहुणा घेऊन येतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली जिवंत जिवाणूंच्या दह्याचा हा गुण अधिकृतपणे मान्य केला. आपल्या आज्या दहीभाताने जेवण संपवायच्या तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एक बारीक गोष्ट: दही तापवलं की जिवाणू मरतात, त्यामुळे कढीत हा पाहुणा येत नाही. पण कढीत पाणीच इतकं असतं की ती सहसा बाधत नाही.

एकदा हे कळलं की आत्याच्या ताटातलं कोडं सुटत जातं. दसऱ्याला ती श्रीखंड दोन वाट्या खाते आणि दिवाळीच्या बासुंदीला हात लावत नाही. लोक म्हणायचे, हा काय नखरा, दोन्ही दुधाचंच. पण चक्का बांधताना पंच्यातून जे पाणी ठिबकतं, त्याच्याबरोबर दुधातली साखर निघून जाते. उरलेली जिवाणूंनी खाल्लेली असते. श्रीखंड गोड असतं ते आपण घातलेल्या साखरेने, आणि ती साखर फोडायला आत्याकडे वेगळे अडकित्ते शाबूत आहेत. बासुंदीत उलटं. दूध आटवलं की पाणी उडतं, लॅक्टोज जागच्या जागी. उकळल्याने ते फुटत नाही. लिटरभर दुधातलं सगळं लॅक्टोज लहानशा पातेल्यात गोळा होतं. पनीरमध्येही पाणी गाळलं जातं म्हणून लॅक्टोज थोडं; तुपात जवळजवळ नाहीच; मावा आणि दुधाची भुकटी मात्र साखरेची कोठारं.

इंदूरकरांना हे ऐकून वाईट वाटेल, कारण आपलं गाव आटवलेल्या दुधावर उभं आहे. रात्री दहानंतर सराफ्यात जा. दागिन्यांची दुकानं बंद झाली की पुढे कढया लागतात. रबडी, मावाबाटी, मालपुवा. बाहेरगावची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी. आमची शिकंजी म्हणजे चमच्याने खावं असं आटीव, केशरी दूध, आंबटगोड. मक्याच्या किसातसुद्धा दूध. हिशेब करून पाहा: लिटरभर दुधात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅम लॅक्टोज, त्याची रबडी झाली तीन-साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमच्या द्रोणात चौदा-पंधरा ग्रॅम. तेही कचोरी आणि गराडू (तळलेला कंद) झाल्यावर, वर जलेबीबरोबर. दुसऱ्या दिवशी लोक गराडूला शिव्या देतात.

आणि त्या चौदा-पंधरा ग्रॅमला अर्थ आहे. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं, म्हणजे मोठा पेलाभर दूध, आणि जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सहज. ‘मला चहा चालतो, दूध चालत नाही, असं कसं?’ असं विचारणाऱ्याला उत्तर इथे आहे. कपभर चहात दूध पन्नास-साठ मिलिलिटर, लॅक्टोज तीन ग्रॅम. आमच्या कोजागिरीचं गणित: दहा लिटरचं सात झालं, त्याचा दीडशे मिलिलिटरचा पेला, साधारण दहा-अकरा ग्रॅम. एक पेला सीमेवर, दोन झाले की सीमेपार, तीन म्हणजे काका. आत्या मात्र सीमेच्या अलीकडेच अडखळणाऱ्यांपैकी. काही पोटं अशी असतात.

माझं स्वतःचं पोट कुठल्या बाजूला, हे मला पन्नाशीत कळलं. एका रुग्णालयात श्वासाची चाचणी करून घेतली. आदल्या रात्री साधा पांढरा भात, मग उपाशी. सकाळी पाण्यात विरघळवलेलं पंचवीस ग्रॅम लॅक्टोज प्यायचं; चव फिकट गोड, उसात भिजवलेल्या कागदासारखी. त्यानंतर तीन तास, दर अर्ध्या तासाने एका नळीत फुंकायचं. मधल्या वेळात बाकावर बसून पेपर वाचायचा आणि पोटाच्या हालचालींकडे लक्ष नाही असं दाखवायचं. तत्त्व फार देखणं आहे. आपल्या पेशी हायड्रोजन तयारच करत नाहीत. तो करतात फक्त आतड्यातले जिवाणू. म्हणजे श्वासात हायड्रोजन चढला तर तो मोठ्या आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात आला, म्हणजेच साखर न फुटता तिथवर पोचली. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा दहा लाखांत वीस भाग वाढला की निकाल लागला. माझा तिसऱ्या फुंकीलाच लागला. चौथ्या फुंकीच्या आत पोटानेही दुजोरा दिला.

पण निकाल लागला म्हणून मी दूध तोडलं नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. १९९५ साली अमेरिकेत एक मजेशीर प्रयोग झाला. दुधाचा भयंकर त्रास होतो असं स्वतः सांगणारी तीस माणसं घेतली. तपासलं तर त्यांतल्या नऊ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं! मग सगळ्यांना एक आठवडा रोज पेलाभर साधं दूध आणि एक आठवडा लॅक्टोज फोडलेलं दूध दिलं, कुठलं कुठलं ते न सांगता. ज्यांना खरंच पचत नव्हतं त्यांच्यातसुद्धा दोन आठवड्यांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. एकदा वाईट रात्र काढलेली माणसं दूध, मग दही, मग पनीर असं सगळंच टाकतात, कॅल्शियम जातं, आणि खरा दोषी कांदा, राजमा, गहू यांतला कुणीतरी मोकळाच राहतो. वर आतड्यातले जिवाणूही शिकतात: रोज थोडं थोडं लॅक्टोज मिळत राहिलं तर काही दिवसांत ते कमी वायू करून ते खायला लागतात. लॅक्टेज परत येत नाही, पण त्रास उतरतो. अर्धी वाटी दूध, जेवणाबरोबर, रोज. मी असंच वाढवत नेलं.

काही गोष्टींची गल्लत फार होते, त्या पटकन. दुधाची ॲलर्जी वेगळी. ती दुधातल्या प्रथिनांविरुद्ध शरीराने उठवलेली लढाई, बहुधा लहान मुलांत, अंगावर पित्त, सूज, उलट्या, कधी श्वासही अडतो. तिथे ‘थोडं थोडं घेऊन बघू’ हा उद्योग घरी करायचा नाही. तान्ह्या बाळाला लॅक्टोज न पचणं फार म्हणजे फार दुर्मीळ. ऐकीव सल्ल्याने अंगावरचं दूध तोडू नये. मोठ्या जुलाबांनंतर आतड्याचे झुपके झडतात आणि काही आठवडे दूध सोसत नाही. झुपके परत उगवले की सोसतं. वजन उतरत असेल, रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल तर दुधाला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि हल्ली दारावर येणारं ते महागडं ए-टू दूध. ए-वन आणि ए-टू हा फरक केसीन नावाच्या प्रथिनाचा आहे. लॅक्टोज दोन्हींत तेवढंच. शेळीच्या दुधातही किंचितच कमी. गाय देशी असो, विदेशी असो, वासराला लागणारी साखर तिने घातलेलीच असते. ‘दीदी, इससे पेट में कुछ नहीं होता,’ असं मला एका दूधवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याला मी तिसऱ्या फुंकीची हकिकत सांगितली. तो म्हणाला, मशीन खराब असेल.

बाजारात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्यात मात्र तथ्य आहे. त्यातलं लॅक्टोज काढून घेतलेलं नसतं, आधीच फोडलेलं असतं. बुरशी किंवा यीस्टपासून मिळवलेलं लॅक्टेज घालून. अडकित्त्याचं काम कारखान्यात उरकून सुपारीचे तुकडे पिशवीत भरून देतात. तेच विकर गोळीच्या रूपातही मिळतं, पहिल्या घासाबरोबर घ्यायचं.

गेल्या कोजागिरीला मी तसल्या दुधाच्या दोन पिशव्या आणल्या आणि काकांच्या पातेल्याशेजारी छोट्या शेगडीवर वेगळं दूध ठेवलं. काकांनी ‘हे काय सोवळ्यातलं?’ म्हणून विचारलं. केशर, वेलदोडा तेच. साखर वहिनीने त्याच वाटीने, त्याच प्रमाणात घातली. आत्याने सवयीने एक घोट घेतला, पेला सरकवायला हात पुढे केला, आणि मग तो परत ओढला. ‘अगं, केवढं गोड केलंस!’

काकांनी चमचाभर चाखलं. ‘साखर दोनदा पडलीय यात,’ म्हणाले आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, एकदाच घातली. मी काही बोलले नाही. फुटलेल्या जोडीतलं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जिभेला लॅक्टोजपेक्षा गोड लागतं, हे मध्यरात्री गच्चीवर सांगायची वेळ नव्हती. आत्याने पेला संपवला होता आणि ती पातेल्यात अजून किती उरलंय ते बघत होती.